एकतर्फीला जमीन नाही

कमल हासनचा ‘पापनाशम’ पाहून कुणी या पापनाशमला आलं तर त्याची फसगत व्हायची. सिनेमातलं पापनाशम तिकडे खाली तिरुनेलवेली जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी, ताम्रपर्णीच्या काठी. मी उतरले ते दुसरं. तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या रेल्वेवरचं, तंजावरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं, भातखाचरांनी वेढलेलं तालुक्याचं गाव. डोंगर नाही, धबधबा नाही. एकशे आठ शिवलिंगांचं एक देऊळ आहे. खर-दूषणांना मारल्याचं पाप फिटावं म्हणून रामाने इथे लिंगं स्थापली आणि त्यावरून गावाचं नाव पडलं, असं स्थलपुराण सांगतं. दुसरं देऊळ पालैवननाथराचं. त्याच्या आवारात नायक राजांच्या काळातलं विटांचं एक गोल, वर निमुळतं होत गेलेलं धान्याचं कोठार आहे. आपल्याकडच्या कणगीला कुणीतरी पक्कं बांधकाम करून टाकावं तसं.

“मावशी, दृश्यमवालं का गं?” भाचीने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. नव्हे म्हटल्यावर तिचा निम्मा रस गेला. रात्री पडल्या पडल्या मग मीच तो सिनेमा आठवत बसले. मूळ मल्याळम ‘दृश्यम’ 2013 चा. तमिळ आणि हिंदी दोन्ही 2015 च्या जुलैत आले. हिंदीने आपल्या लोकांकडून दोन ऑक्टोबर, पणजीचा सत्संग आणि पावभाजी कायमची पाठ करून घेतली. बाप किती हुशार, पुरावे कसे फिरवले, यावर अजून पैजा लागतात. पण गोष्ट सुरू कुठे होते? शाळेच्या निसर्ग शिबिरात. एक मुलगा मुलीचं न्हाणीघरातलं चित्रण करतो आणि ते दाखवून तिला धमकावतो. पुढे अख्खं कुटुंब आपली सगळी अक्कल एक प्रेत लपवण्यात खर्च करतं. शाळेत जाऊन बाईंना सांगावं हे त्या घरात कुणाच्या मनाला शिवत नाही. थिएटरात कुणाला ते खटकतही नाही. मलाही खटकलं नव्हतं, आणि मी स्वतः शाळेत शिकवणारी बाई.

पापनाशमला मी आले ती अक्कांकडे. अक्का तंजावरी मराठी. सरस्वती महाल ग्रंथालयात दोन दिवस शेजारच्या टेबलावर बसून ओळख झाली. मी मराठी वाचतेय म्हटल्यावर त्यांनीच खुर्ची ओढली. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी शाळांतून तमिळ शिकवलं, आणि घरात साडेतीनशे वर्षांमागे व्यंकोजीराजांच्या लोकांबरोबर आलेली मराठी बोलतात. त्या मराठीला तमिळ हेल आहे आणि अधूनमधून असा एखादा जुना प्रत्यय येतो, की आपण पोथी ऐकतोय असं वाटावं. पापनाशमला त्यांचं घर आणि घरात संध्याकाळची शिकवणी. “या, दोन दिवस राहा,” म्हणाल्या. मी गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला आम्ही दोघी बसस्टँडवर होतो. शाळा सुटलेली. रिबिनीने दुमडून वर बांधलेल्या वेण्यांच्या मुलींचे घोळके. तमिळनाडूत 2021 पासून बायकांना साध्या बसचं तिकीट पडत नाही. त्यामुळे मुली बसमध्ये अशा चढतात जशा आपल्याच घराच्या पायऱ्या. एक जोडी जरा बाजूला उभी होती. दोघं दहावी-अकरावीची असतील. मुलाने हात पुढे केला. मुलीने काही न बोलता त्याच्या हातावर आपला फोन ठेवला. तो अंगठ्याने वर सरकवत सरकवत काहीतरी पाहत राहिला, आणि ती उघडा तळवा पुढे धरून उभी राहिली, फोन परत मिळण्याची वाट बघत. मध्येच त्याने पडदा तिच्याकडे वळवला. “यारु इदु?” कोण हा? एवढं तमिळ मला कळतं. ती काहीतरी म्हणाली. त्याने फोन परत दिला. ती हसली. तो हसला. तिची बस आली, ती चढली, तो मागच्या दाराच्या पायरीला लटकला.

झालं एवढंच. पोलिसात जाण्यासारखं यात काही नाही, घरी सांगण्यासारखंही नाही. तो पुढे केलेला तळवा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

शाळेत शिकवताना मी हे शंभर वेळा पाहिलंय, फक्त मला त्याला नाव देता आलेलं नाही. मराठीत आपल्याकडे शब्द आहेत ते कसे आहेत बघा. भानगड. लफडं. प्रकरण. ‘प्रेमप्रकरण’ हा शब्द तर थेट कचेरीतल्या फायलीवरून उचलल्यासारखा. मुलांचे शब्द निराळे: लाइन मारणे, सेटिंग, ‘त्यांचं चालू आहे’. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त ही बोली फार नेमकी आली आहे, ती 1975 च्या आसपासची पोरं, पण माझ्या वर्गातल्या पोरांना ती कादंबरी वाचताना एकही शब्द अडला नाही. आणि एक शब्द असा, जो शिक्षकांच्या खोलीत आम्ही हसण्यावारी नेत आलो. वर्गातल्या एखाद्याला एखादी आवडते असं जाहीर झालं की त्याचे मित्र तिला म्हणू लागतात, वहिनी. ती वर्गात आली की मागच्या बाकांवरून, “ए, वहिनी आली, वहिनी आली.” तिला कुणी विचारलेलं नसतं. तिने हो म्हटलेलं नसतं, नाही म्हणायची वेळही आलेली नसते. पण बारशाआधी नाव ठेवावं तसं तिचं लग्न लावून मुलं मोकळी. आणि मग जिला सगळा वर्ग वहिनी म्हणतो ती दुसऱ्याशी बोलली, की त्या मुलाचा अपमान झाला, हेही सगळ्या वर्गाने ठरवलेलं असतं.

अक्कांना हे सांगितलं तर त्या खो खो हसल्या. “इथे अण्णी म्हणतात,” म्हणाल्या. अण्णी म्हणजे वहिनीच. कृष्णाकाठापासून कावेरीकाठापर्यंत मधे दोन भाषा बदलतात, पण पोरांचा हा शब्द बदलत नाही.

दुसराही एक शब्द असाच दोन्हीकडे जसाच्या तसा आहे. मराठी वर्तमानपत्रं लिहितात ‘एकतर्फी प्रेमातून’. तमिळ वर्तमानपत्रं लिहितात ‘ओरुतलै कादल’, एका बाजूचं प्रेम. आणि दोन्हीकडे त्या शब्दानंतर जे वाक्य येतं ते हल्ल्याचंच असतं. 2024 च्या नोव्हेंबरात याच तंजावर जिल्ह्यात, समुद्राकडच्या मल्लिपट्टिणम गावी, सरकारी शाळेत एका तरुण शिक्षिकेला शाळेच्या आवारात भोसकून मारलं. तिच्याकडून लग्नाला नकार आला होता. अक्का त्या बातमीविषयी बोलताना उठून दार लावून आल्या. घरात आम्ही दोघीच होतो.

माझ्या पिढीला असा विषय निघाला की उल्हासनगर आठवतं. 1990 सालचा मार्च महिना, दहावीची परीक्षा चालू, आणि परीक्षा केंद्रात पेपर लिहीत बसलेल्या मुलीला भर वर्गात जाळून मारलं. मी तेव्हा नववीत होते, कृष्णाकाठच्या एका गावात, उल्हासनगरपासून पुष्कळ लांब. तरी ती बातमी आमच्या शाळेत पोचली ती अशी: एक दिवस मधल्या सुट्टीनंतर आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलींना सभागृहात बोलावलं. मुख्याध्यापिका बाईंनी अर्धा तास सांगितलं. घोळक्याने या, घोळक्याने जा, कालव्याच्या रस्त्याने येऊ नका, कुणाच्या चिठ्ठीला उत्तर देऊ नका, मान वर करून चालू नका असं नाही म्हणाल्या, पण अर्थ तोच होता. ऐकता ऐकता मला खिडकीतून मैदान दिसत होतं. मुलांना बाईंनी मैदानावर सोडलं होतं. ती क्रिकेट खेळत होती.

एवढी वर्षं झाली, त्या अर्ध्या तासाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. बाई वाईट नव्हत्या. त्यांना मुलींची खरीच काळजी होती. पण एका मुलाने मुलीला जाळलं, म्हणून मुलींना भूगोल शिकवला आणि मुलांना फलंदाजी.

भूगोल म्हटलं ते उगीच नाही. मी तंजावरला आले होते तीच मुळी एका भूगोलापायी. सरफोजीराजे दुसरे, गादीवर 1798 ते 1832, ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीत वाढलेले, ग्रंथांचे आणि शाळांचे वेडे. त्यांच्या नावावर मराठीत एक नाटक आहे, ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार तेव्हा इथे भारी लोकप्रिय होता. त्याची गोष्ट ठरलेली. एक तरुणी देवाची किंवा राजाची मिरवणूक पाहते, त्याच्यावर भाळते, झुरते. मग डोंगरातली कुरत्ती येते. आपली कैकाडीण-वैदूण म्हणा, ज्योतिष सांगणारी. ती आधी आपल्या डोंगराचं वर्णन करते, मग मुलीला तळवा पुढे करायला सांगते आणि हात बघून म्हणते, भेटेल तुझा तुला. खुद्द सरफोजीराजांना नायक करून रचलेली एक तमिळ कुरवंजी आहे. ती तंजावरच्या मोठ्या देवळात होत असे. पण राजाने स्वतःच्या मराठी नाटकात काय केलं? कुरत्ती आणली, तिच्यापुढे इंद्राणी बसवली, आणि कुरत्तीच्या तोंडून तिला पृथ्वीचा भूगोल सांगितला. खंडं, देश, समुद्र, नवं युरोपीय ज्ञान सगळं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत, गाण्यांतून, जगाचा नकाशा!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राजाचं फार कौतुक वाटलं होतं. आजही वाटतं. पण त्या टेबलावर बसून दुसऱ्यांदा वाचताना सभागृहातली मी आठवले. प्रकार सगळा प्रेमाचा आणि हाती आला भूगोल. कुरवंजीतल्या त्या नायिकांना निदान कुरत्ती भेटत होती, कुणाशी तरी बोलायला मिळत होतं. आपल्या शाळांनी कुरत्तीला फळ्यापाशी उभं केलं आणि हात बघायची मनाई केली. महाराष्ट्रात तर 2007 साली लैंगिक शिक्षणाला विधिमंडळात गदारोळ होऊन ते शाळांतून थांबवलंच गेलं. विरोधकांत सगळ्या पक्षांचे लोक होते. या एका बाबतीत आपल्याकडे एकमत फार पटकन होतं.

हे अक्कांपुढे बोलले तर त्यांना ते पटलं नाही. तमिळ शिकवण्यात जन्म गेलेल्या बाई त्या. म्हणाल्या, “भूगोलाला नावं का ठेवता? आमच्याकडे प्रेम शिकवतात ते भूगोलातूनच.” आणि मग पितळेच्या डबऱ्यातली कॉफी वरखाली ओतत त्यांनी मला तोल्काप्पियम सांगितलं, तमिळचं सर्वांत जुनं उपलब्ध व्याकरण. त्यात नुसती विभक्ती-प्रत्यय नाहीत. कवितेत प्रेम कसं मांडायचं याचेही नियम आहेत. प्रेमाची अवस्था आणि जमीन यांची जोडी लावलेली. कुरिंजी म्हणजे डोंगर, तिथे मीलन. मुल्लै म्हणजे रान, तिथे वाट पाहणं. नेय्दल म्हणजे समुद्रकाठ, तिथे झुरणं. मरुदम म्हणजे नदीकाठची शेतं, तिथे रुसवा. “आपण बसलोत ते मरुदम,” अक्का म्हणाल्या, “म्हणून आमच्या गावची माणसं रुसकी.” पाचवं पालै, रखरखीत माळ, तिथे ताटातूट.

“आणि एकतर्फी?” मी विचारलं.

अक्का ओतायच्या थांबल्या. एकतर्फी प्रेमाला तोल्काप्पियममध्ये नाव आहे, कैक्किळै. ते पाचांच्या अलीकडे, रांगेबाहेर ठेवलंय. आणि पाचांच्या पलीकडे, पुन्हा रांगेबाहेर, पेरुंदिणै: विजोड, हाताबाहेर गेलेली, जबरदस्तीवर उतरलेली वासना. या दोघांना जमीन दिलेली नाही. ना डोंगर, ना रान, ना शेत.

पेरुंदिणैत मोडणारी एक चाल अक्कांनी सांगितली ती ऐकून मी ताठ बसले. तिचं नाव मडल. मुलगी मिळत नाही असं दिसलं की प्रियकर ताडाच्या काटेरी झावळ्यांचा घोडा करायचा, गळ्यात रुईच्या फुलांची माळ घालायची, हातात तिचं चित्र धरायचं आणि तिच्या गावातून त्या घोड्यावर बसून फिरायचं. सगळ्या गावाला कळावं, तिचं नाव व्हावं, मग लाजेकाजेस्तव घरचे मुलगी देतील. ‘मी मडल चढेन’ अशी धमकी देणारे नायक जुन्या कवितांत पुष्कळ आहेत आणि ते रसिकांना गोडही वाटत आलेत. पण खरोखर चढला, की व्याकरणकार त्याला प्रेमाच्या पाच जमिनींतून हाकलून पेरुंदिणैत टाकतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा हा माणूस, पण धमकी आणि कृती यांच्यामधली रेघ त्याने ओढून ठेवली होती. तिचं चित्र हातात धरून गावभर फिरणं! आता झावळ्या लागत नाहीत, स्टेटस पुरतं.

मी वहीत हे भराभरा उतरवून घेत होते, आणि तरी तो बसस्टँडवरचा मुलगा यात कुठे बसेना. तो एकतर्फी नव्हता. मुलगी आपणहून त्याच्याशेजारी उभी होती, हसत होती. तो तिचा नवराही नव्हता, की आईबाप, सासर, कायदा, महिला मंडळ यांपैकी कुणाच्या नजरेत ते नातं यावं. वर्तमानपत्राला फक्त एकतर्फी कळतं. घरगुती हिंसेला घर लागतं. मधली ही जी पंधरा-सोळा वर्षांची जोडपी आहेत, ज्यांच्यात दोघांचंही हो आहे, आणि त्या होकाराच्या आत पासवर्ड दे, लास्ट सीन का लपवलंस, तो मुलगा कोण, ओढणी घे, मैत्रिणीकडे जाऊ नकोस, गेलीस तर माझं मनगट कापून घेईन, आणि एखाद दिवशी कानाखाली, हे सगळं चालतं, त्यांना मराठीत शब्दच नाही. मुली त्याला काय म्हणतात ठाऊक आहे? “बाई, तो खूप पझेसिव्ह आहे.” आणि हे सांगताना चेहऱ्यावर थोडा अभिमान असतो.

अक्कांना विचारलं, याला जमीन कोणती? त्या म्हणाल्या, पालै. कारण पालैला म्हणे स्वतःची अशी जमीन नसते. डोंगर आणि रान उन्हाने करपले, की त्यांचंच पालै होतं. शिलप्पदिकारम या जुन्या तमिळ महाकाव्यात तसं म्हटलंय. म्हणजे ज्या जमिनीवर भेट झाली तीच. मग हसून म्हणाल्या, “आमच्या देवाचं नावच पालैवनाचा नाथ. तो पालै म्हणजे झाड हो, गोंधळ करू नका.” मी केला थोडा.

बाहेरच्या देशांत या मधल्या पोरांसाठी शाळांतून बरंच काही करून पाहिलंय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका ग्रामीण परगण्यात 1994 साली चौदा शाळांमध्ये ‘सेफ डेट्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. आठवी-नववीला पाऊण पाऊण तासाचे दहा तास, एक नाटुकलं, एक पोस्टर स्पर्धा. ऐकायला आपल्या स्वच्छता पंधरवड्यासारखं वाटतं, पण चार वर्षांनी तपासलं तेव्हाही ती मुलं-मुली जोडीदाराला मारण्यात आणि मार खाण्यात इतरांपेक्षा कमी सापडली. कॅनडातल्या ऑन्टॅरियोत वीस शाळांमध्ये नववीच्या आरोग्याच्या तासात एकवीस धडे घातले. तिथे फायदा दिसला तो मुख्यतः मुलग्यांच्या वागण्यात. त्यांनी मुलांना मैदानावर सोडलं नव्हतं, एवढं तरी म्हणता येईल.

आपल्याकडेही काहीच झालं नाही असं नाही. मुंबईत 2008 पासून महापालिकेच्या पंचेचाळीस शाळांत ‘जेम्स’ नावाचा उपक्रम झाला. ‘कोरो’ ही चेंबूरच्या वस्त्यांतून उभी राहिलेली संस्था, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आय.सी.आर.डब्ल्यू. ही संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. सहावी-सातवीतल्या मुला-मुलींशी बाईपण, पुरुषपण, शरीर आणि मारहाण यांवर गप्पा आणि खेळ. मुंबईतच क्रिकेटच्या प्रशिक्षकांना हाताशी धरून ‘परिवर्तन’ नावाचा प्रयोग झाला. पोरगा बाईचं ऐकत नाही पण सरांचं, तेही बॅट हातात असताना, ऐकतो, हे हेरलेलं. मला हा फार आवडतो. माझ्या शाळेच्या मैदानावरचे ते सगळे क्रिकेटवीर आठवतात आणि वाटतं, त्या दिवशी पंचानेच दोन षटकांच्या मधे काही सांगितलं असतं तर.

पण सगळ्यांत जो माझ्या मनात बसला तो न्यूयॉर्कचा. तिथल्या तीस सरकारी शाळांत, सहावी-सातवीला, दोन गोष्टी करून पाहिल्या. काही शाळांत वर्गात सहा तास घेतले: कायदा, सीमारेषा, नाही म्हणजे काय. काही शाळांत वर्गात काहीच घेतलं नाही, इमारतीत केलं. मुलांच्या हाती शाळेचा नकाशा दिला आणि सांगितलं, तुम्हाला कुठे भीती वाटते ते रंगवा. कुठला जिना, कुठला व्हरांडा, कुठल्या संडासाबाहेर. मग त्या जागी मोठी माणसं उभी राहू लागली. निकाल आला तो शिक्षकांच्या जातीला जरा झोंबणारा आहे. नुसत्या वर्गातल्या तासांनी फारसं काही हललं नाही. नकाशाने हललं.

अक्कांना हे सांगताना मला फारच आनंद होत होता, कारण भूगोल त्यांच्या बाजूने परत आला होता. फरक इतकाच, की यात मोठ्या बाईंनी मुलींना रस्ते शिकवले नव्हते. मुलांनी मोठ्यांना शिकवले होते. अक्कांनी मान हलवली आणि विचारलं, “पण मुलगी नकाशा भरेल का?”

हा प्रश्न त्या उगीच विचारत नव्हत्या. त्यांच्या एका शाळेत तक्रारपेटी होती. आपल्याकडेही आहे, शिवाय 2022 पासून महाराष्ट्रात ‘सखी सावित्री समिती’ आहे, 1098 चा फलक आहे. अक्का पेटी उघडायच्या दर शुक्रवारी. निघायचं काय? संडासाची कडी नाही. पाणी येत नाही. अमक्या सरांचा आवाज ऐकू येत नाही. एकदा फक्त एक चिठ्ठी निघाली, वहीचं चौकोनी फाडलेलं पान, त्यावर इंग्रजी एम हे अक्षर आणि पुढे काही नाही. तीन आठवडे तसंच पान, तेच अक्षर. नंतर बंद झालं. अक्का त्या एम नावाच्या मुलीला, किंवा एम नावाच्या मुलाविषयी लिहू पाहणाऱ्या मुलीला, कधीच शोधू शकल्या नाहीत. “पुढचं काय लिहायचं तिला कळलं नसेल,” म्हणाल्या. “किंवा कळलं असेल.”

लिहिलं तर काय होतं, हे पोरांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. 2012 चा पॉक्सो कायदा अठराच्या खालच्या सगळ्यांना बालक धरतो, आणि लैंगिक गुन्हा ठाऊक असून कळवला नाही तर तोही गुन्हा. हेतू उत्तम. पण सोळा वर्षांची मुलगी बाईंना म्हणाली, की बाई, माझं एकावर प्रेम आहे, आम्ही जवळ आलोय आणि आता तो मला त्रास देतो, तर बाईंच्या पुढे दोनच वाटा उरतात: पोलीस किंवा बहिरेपण. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 च्या जानेवारीत एका खटल्यात स्पष्ट म्हटलं, की कोवळ्या वयातल्या आपसांतल्या प्रेमाला गुन्हेगार ठरवण्यासाठी हा कायदा केलेला नाही. पण तो निकाल बसस्टँडवर कुणी वाचलेला नसतो. मुलीला एवढंच कळलेलं असतं, की तोंड उघडलं तर त्याला तुरुंग, मला घर, आणि शाळा बंद. ‘शाळा बंद’ ही शिक्षा प्रत्येक वेळी मुलीलाच. मुलगा चिठ्ठी लिहितो, मुलीचं लग्न ठरतं.

गंमत म्हणजे या मुलखात या वयाबद्दल भांडून झालेलं आहे. इथून पंधरा किलोमीटरवरच्या कुंभकोणमचे दिवाण बहादूर रघुनाथराव, तंजावरी मराठीच, एकोणिसाव्या शतकात बालविवाहाविरुद्ध आणि विधवाविवाहासाठी आयुष्यभर झगडले. 1891 साली संमतीचं वय दहाचं बारा केलं तर पुण्यात आणि मद्रासेत धर्म बुडाल्याची ओरड झाली. तेव्हा सगळा वाद चालला तो नवऱ्याने किती वर्षांच्या बायकोजवळ जावं यावर. वय बारावरून अठरावर आलं, मुलीच्या होकाराचं आणि नकाराचं नेमकं काय करायचं हे मात्र अजून कचेरीतच ठरतं. वर्गात नाही.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला सहा मुली आल्या आणि एक मुलगा, अक्कांच्या शेजाऱ्यांचा, आठवीतला. नकाशाचा मी हट्टच धरला. अक्कांनी कपाळाला हात लावला, पण पाठकोरे कागद काढले. सांगितलं, घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा. जिथे नको वाटतं तिथे फुली मारा. का, ते लिहायचं नाही. मला तमिळ येत नसल्याचा इथे फायदाच होता. मी नुसती बघत बसले.

मुलाचं पाच मिनिटांत झालं. घर, सरळ रेघ, शाळा. मधे एक मैदान, त्यात तीन स्टंप अगदी काळजीपूर्वक काढलेले. फुली एकही नाही. मग तो पेन्सिल चावत इतरांचं बघू लागला.

मुलींचं संपेना. त्यांच्या रेघा सरळ जातच नव्हत्या. एक देवळाला वळसा घालून, कोठाराच्या मागून, पुन्हा मोठ्या रस्त्याला. दुसरीने कालव्याच्या पुलावर फुली मारली, खोडली, पुन्हा मारली. तिसरीने बसच्या चौकोनात मागच्या दारापाशी मारली. चौथी, चष्म्याची, मान अजिबात वर न करता काढत होती. तिच्या कागदावर शाळेच्या अलीकडे एक चहाची टपरी होती, बाकड्यासकट, वर पत्रा, बाजूला झाड, सगळं बारकाईने. आणि त्यावर फुली इतकी दाबून मारलेली, की कागद फाटायला आला होता. तिथून तिची रेघ पार उलट्या दिशेला जाऊन लांबून शाळेत पोचत होती.

मुलगा गुडघ्यांवर रांगत तिच्या कागदापाशी आला. आपल्या नकाशावरची सरळ रेघ आणि तिची वाकडी, दोन्हीकडे त्याने दोनदा पाहिलं. मग टपरीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. चष्म्याच्या मुलीने उत्तर दिलं नाही, पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. त्याने अक्कांकडे पाहून पुन्हा तेच वाक्य म्हटलं, जरा हळू आवाजात.

अक्का गप्प. मी विचारल्यावर म्हणाल्या, “तो म्हणतो, तिथे तर आम्हीच उभे असतो.”